सेतूतली नोकरी आत्ताच सोडू नकोस

दारव्हा तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलंय: "ताई, माझं एम.ए. मराठी झालं. सध्या सेतू केंद्रात काम करते. लग्नांत, शाळेच्या गॅदरिंगला सूत्रसंचालन करते. सगळे म्हणतात तुझा आवाज अगदी रेडिओसारखा आहे. नोकरी सोडून निवेदिका व्हावं का? पैसे कितपत मिळतात? आणि आवाज कसा सुधारायचा?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते छोटं आहे. आवाजाचं काही करू नकोस. सर्दी झाली की वाफ घे, ड्यूटीच्या आधी चिवडा आणि बर्फाचं पाणी टाळ, बस. लोक 'रेडिओसारखा आवाज' म्हणतात तेव्हा त्यांना जाड, खर्जातला, थोडा सजवलेला आवाज अभिप्रेत असतो. तसे आवाज मी ऑडिशनला डझनानं पडताना पाहिलेत. आणि घोगऱ्या आवाजाची एक बाई पंधरा वर्षं महिलांचा कार्यक्रम करताना पाहिली. तिला बायका पोस्टकार्डावर सासूची तक्रार लिहून पाठवायच्या.

आता नोकरीचं. मी २००१ पासून या कामात आहे. आधी एका सरकारी केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक, म्हणजे बोलावतील तेवढ्याच ड्यूट्या करणारी, मध्ये दीड वर्ष एका खासगी एफएमवर, आणि आता एका सामुदायिक रेडिओवर. तिन्हींची नावं घेणार नाही, पुढे थोडं तोंड सुटणार आहे. इतक्या वर्षांत माझं घर एकट्या रेडिओवर एकही महिना चाललेलं नाही. कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते म्हणून चाललं, आणि नवऱ्याचं वावर होतं म्हणून चाललं. तेव्हा सेतूतली नोकरी आत्ताच सोडू नकोस. रेडिओत मात्र जरूर ये.

यामागचं गणित ऐक. आकाशवाणीवर कायमस्वरूपी उद्घोषकाची पदं भरणं कधीचंच जवळजवळ थांबलंय. काम चालतं ते आपल्यासारख्या नैमित्तिकांवर. आणि नैमित्तिकाला महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्यूट्या, असा नियम आहे. त्याहून जास्त दिल्या तर उद्या माणूस 'मला कायम करा' म्हणून कोर्टात जाईल, ही त्यामागची भीती. मानधन ड्यूटीमागे मिळतं. म्हणजे महिन्यातले सहा दिवस तू उद्घोषक, बाकीचे चोवीस दिवस तू कोण, हे तुझं तूच ठरवायचं. त्या सहा दिवसांसाठी मी आमच्या गावाहून आदल्या दिवशीच्या शेवटच्या एसटीनं निघायची, मामेबहिणीकडे झोपायची आणि पहाटे साडेचारला उठायची. पहिली सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, सुरू व्हायच्या आधी माणूस खुर्चीवर हवाच. एसटीचं भाडं, रिक्षा आणि बहिणीच्या पोरांसाठी न्यायचा खाऊ वजा केला की ड्यूटीतून काय उरायचं ते सांगत नाही. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

खासगी एफएम म्हणजे नागपूर, अकोला अशी शहरं. तालुक्याच्या गावात ती दुकानं नाहीत. पगार महिन्याचा असतो, पण निम्मं काम जाहिरातींचं: सोन्याच्या दुकानाची ऑफर, प्लॉटची स्कीम, आणि त्या दोन्हींच्या मधे तू हसतमुख. माझ्यानं दीड वर्षावर झालं नाही. शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे वर्षभरानं आले, तेही मी दर सोमवारी फोन केला म्हणून.

सामुदायिक रेडिओची गोष्ट वेगळी. केंद्र सरकारनं २००६ मध्ये धोरण बदललं. तोवर असं केंद्र फक्त शिक्षणसंस्थांना काढता यायचं, तेव्हापासून कृषी विज्ञान केंद्रं आणि नोंदणीकृत सामाजिक संस्थाही काढू शकतात. ट्रान्समीटर १०० वॅटचा. घरातला जुना पिवळा बल्ब आठव, तेवढीच वीज. आवाज जातो दहा-पंधरा किलोमीटर, मधे टेकडी आली तर तेवढाही नाही. निम्मे कार्यक्रम तरी तिथल्याच लोकांनी तिथंच केलेले असले पाहिजेत, अशी अट. जाहिराती घेता येतात, २०२४ पासून तासाला बारा मिनिटांपर्यंत, आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये. आता तूच हिशेब कर. अर्ध्या मिनिटाची एक जाहिरात म्हणजे २२२ रुपये. त्यातून विजेचं बिल, इंटरनेट, टॉवरची देखभाल आणि तीन-चार माणसांचं मानधन. आणि सरकारी जाहिराती रोज येत नाहीत. उरलेल्या वेळात कृषी सेवा केंद्र, मंगल कार्यालय आणि कपड्याच्या दुकानांचे मालक. त्यांना जाहिरात हवी असते, पण पैसे 'दिवाळीनंतर बघू'. आमच्याकडे दिवाळीनंतर म्हणजे कापूस विकल्यावर, आणि कापूस भाव बघून विकतात.

मग लोक जगतात कशावर? सूत्रसंचालनावर, जे तू करतेसच. ऑटोवर भोंगा लावून फिरणाऱ्या जाहिराती रेकॉर्ड करून देण्यावर. घंटागाडीच्या सूचनांवर. झाडीपट्टीत, म्हणजे वडसा, ब्रह्मपुरी, साकोलीकडे, दिवाळी ते होळी नाटकांचा हंगाम असतो; तिथं अनाउन्सिंग करणारी दोन पोरं मला ठाऊक आहेत, त्या चार महिन्यांवर त्यांचं वर्ष निघतं. एक काम मात्र करू नकोस: निवडणुकीत कुणा उमेदवाराच्या ऑटोला आवाज देऊ नकोस. पैसे रोख आणि बरे मिळतात, पण दुसऱ्या दिवशी तू रेडिओवर पीकविम्याची मुदत सांगायला लागलीस की ऐकणारा म्हणतो, "ही तर त्या अमक्याची बाई." एका मोसमात गेलेला तो विश्वास परत कमवायला माझ्या एका सहकाऱ्याला पाच वर्षं लागली.

एवढं ऐकूनही यायचं असेल, तर आता कामाबद्दल बोलू.

सूत्रसंचालन आणि निवेदन यांचा एकमेकांशी जवळजवळ काही संबंध नाही, हे आधी पचवून घे. स्टेजवर तुझ्यासमोर पाचशे माणसं असतात आणि ती सगळी कार्यक्रमालाच आलेली असतात. रेडिओवर समोर भिंत असते, भिंतीवर घड्याळ. आणि ऐकणारा कधीच नुसता ऐकत बसलेला नसतो. सकाळी सहा ते आठ तो आंघोळ, चहा, दूध काढणं, पोरांचे डबे यात असतो. दुपारी कापसाच्या वेचणीला गेलेल्या बायकांच्या ओट्यात साधा बटणाचा मोबाईल असतो, त्यावर रेडिओ लावलेला. एकीचा मोबाईल, आठ जणींचे कान. मोबाईलवर एफएम ऐकायचं तर बहुतेक फोनांना इअरफोनची वायर लावावी लागते, कारण ती वायरच अँटिना असते. म्हणून वायर खोचून आवाज स्पीकरवर टाकतात. नव्या महागड्या फोनांत वायर खोचायला भोकच नसतं, एफएमही नसतं. त्यामुळे आपला श्रोता गरीब माणूस, असं नाही म्हटलं तरी, बटणाच्या फोनवाला माणूस आहे हे धरून चालावं.

आणि रात्री जागलीवाले, म्हणजे शेताची राखण करणारे. डुकरं, रोही (नीलगाई) येऊ नयेत म्हणून माळ्यावर, म्हणजे शेतातल्या मचाणावर, रेडिओ मोठ्यानं लावून ठेवतात. पूर्वी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरच्या १००० किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून रात्रभर चालायची. १९८८ मध्ये सुरू झाली होती, काही वर्षांपूर्वी बंद झाली. ती बंद झाली तेव्हा आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची तक्रार होती, "आता डुकरांनं काय आयकाव?" मी हसले, पण तो गंमत करत नव्हता. रात्रीच्या कार्यक्रमाला मी कधी कंटाळून बोलायला लागले की मला तो माळा दिसतो. खाली डुक्कर, वर एकटा माणूस, आणि मधे मी.

घड्याळाचं सांगायचं राहिलं. आठ वाजता दिल्लीहून हिंदी समाचार लागतो. तो तुझ्यासाठी थांबत नाही. सात एकोणसाठला गाणं संपलं आणि चाळीस सेकंद उरले तर त्या चाळीस सेकंदांचं काय करायचं, यात उद्घोषकाची परीक्षा आहे. नवीन माणूस घाबरून बोलत सुटतो, वाक्य अर्ध्यात असताना दिल्ली येते. किंवा गप्प बसतो, आणि चाळीस सेकंदांची शांतता रेडिओवर इतकी मोठी असते की लोक सेल बदलायला उठतात. जुना माणूस आधीच बिनशब्दांचं वाद्यसंगीत काढून ठेवतो, त्याला फिलर म्हणतात. उरलेला वेळ मागून मोजतो आणि फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, हळूहळू खाली घेतो. ऐकणाऱ्याला वाटतं, असंच ठरलेलं होतं. मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द या गतीनं बोललं की आपल्याकडच्या कानाला बरं वाटतं. म्हणजे चाळीस सेकंदांत सत्तर-ऐंशी शब्द. हा अंदाज अंगात मुरायला मला तीन वर्षं लागली. आजही कुकरच्या शिट्ट्या मी मोजत नाही, कधी होणार ते कळतं.

फेडर बंद आहे की उघडा, हे बघायची सवय लाव. एकदा गाणं चालू आहे असं समजून मी डबा उघडला, पोळीचा घास घेतला आणि डब्याचं झाकण टेबलावर ठेवलं. गाणं केव्हाच संपलं होतं. चार दिवसांनी आर्णीकडून पोस्टकार्ड आलं: "ताई, त्या दिवशी भाजी कोणती होती?"

आता मुख्य गोष्ट सांगते. ही मी शिबिरांत सांगत नाही, कारण लाज वाटते.

खरिपातला कार्यक्रम होता, संध्याकाळचा, शेतकऱ्यांसाठीचा. कपाशीवरच्या किडीसाठी फवारणीचा सल्ला तज्ज्ञांकडून लिहून आला होता. सगळे सल्ले येतात तसाच: अमुक औषध, इतके मिली, दहा लिटर पाण्यात. मी तेव्हा चार-पाच वर्षांची जुनी, थोडी शेफारलेली. मला वाटायचं, हे कागद फार पुस्तकी असतात, आपण ते घरगुती करून सांगितले पाहिजेत. 'दहा लिटर पाण्यात' हे मला पुस्तकी वाटलं. मी वाचलं, "एका पंपात वीस मिली टाका."

दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्रावर फोन. राळेगावकडचा माणूस. आवाज शांत. "ताई, कोन्ता पंप म्हन्ता? माह्याघरी तीन पंप हायेत."

मी गप्प. मला माझ्या चुकीचा आकार तेव्हा दिसायला लागला. त्याच्याकडे पाठीवरचा हातपंप होता, पंधरा लिटरचा. एक चार्जिंगचा, त्याहून थोडा मोठा. आणि भावानं घेतलेला पेट्रोलवर चालणारा. दहा लिटरचं प्रमाण पंधरा लिटरला लावलं तर औषध पातळ होतं, कीड मरत नाही, पैसे आणि दिवस वाया जातात, कीड आणखी चिवट होते. पेट्रोलच्या पंपाची तर गोष्टच निराळी. त्याचे थेंब बारीक, एकरी पाणी साध्या पंपाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच लागतं, म्हणून तितक्याच पाण्यात औषध तिप्पट घ्यायला सांगतात. मी एका शब्दात हे सगळं पुसून टाकलं होतं. घरगुती करायच्या नादात.

त्या माणसानं फवारणी केली नव्हती. त्याला शंका आली म्हणून तो थांबला, फोन करायला दोन रुपये आणि अर्धा दिवस घातला. ज्यांना शंका आली नाही त्यांचं काय झालं, ते मला कधीच कळणार नाही. ड्यूटी ऑफिसरनं लॉगबुकात नोंद केली, मला ओरडला नाही, त्यानं आणखी वाईट वाटलं. त्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी दुरुस्ती वाचली. तिन्ही वेळा मीच वाचली, मागून घेतलं.

पुढे २०१७ चा पावसाळा आला. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली. त्यानंतर औषधाचा कागद हातात आला की माझा आवाजच वेगळा होतो, असं घरचे म्हणतात. मात्रा दोनदा. पाणी किती ते दोनदा. पंप कोणता ते वेगळं. मग वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका, हातमोजे, तोंडाला कापड, उपाशीपोटी जाऊ नका, फवारताना तंबाखू खाऊ नका. तरुण सहकारी म्हणतात, ताई फार लांबतं. लांबू दे.

म्हणून तुला सांगते, बोलीत बोल, पण आकड्याला हात लावू नकोस. आकडा कागदावर आहे तसाच.

बोलीचं मात्र जरूर बघ, कारण तिथं दुसऱ्या टोकाची चूक होते. आपल्याकडं एम.ए. मराठी झालेली मुलं माईकसमोर बसली की पुण्याची होतात. तू पाककृतीत 'कोथिंबीर चिरून घाला' म्हणशील. बरोबर आहे, कळेल सगळ्यांना. पण आपल्याकडं ती सांबार आहे. आणि पेरू हा जांब आहे. शेंगदाणे फल्ली आहेत. बैलगाडी बंडी आहे. 'पऱ्हाटी उपटली का?' असं विचारलंस तर बाई उत्तर देते, 'कपाशीची झाडं काढलीत का?' म्हटलंस तर ती आधी पदर सावरते आणि मग साहेबांशी बोलावं तसं बोलते. मी दोन्ही शब्द ठेवते: एकदा कोथिंबीर, पुढच्या वाक्यात सांबार. मात्र वऱ्हाडी ही विनोदाची भाषा म्हणून वापरू नकोस. स्टेजवर ते चालतं, हशा येतो. पण ज्या भाषेत माणूस मयतीचा निरोप सांगतो, त्या भाषेवर रोज हसवलं की तो चिडतो, आणि बरोबरच चिडतो.

गावांच्या नावांची वेगळी वही कर. सरकारी कागदावर केळापूर तालुका लिहिलेलं असतं, त्याचं मुख्यालय पांढरकवडा. तू नुसतं 'केळापूर इथं शिबिर' वाचलंस तर लोक देवीच्या केळापूरला जाऊन उभे राहतील. कागदावर देसाईगंज, लोकांच्या तोंडी वडसा. बोरी नावाची गावं किती ती मोजू नयेत. बोरी अरब असेल तर पूर्ण म्हण. फर्माईशीत माणसांची नावं वाचतानाही तसंच. पूर्वी पन्नास पैशांच्या कार्डावर एकेका घरची अकरा नावं यायची, आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. एखादं नाव चुकलं तर गाणं कितीही आवडीचं असो, तो माणूस दुखावतो. वर्षातून एकदा त्याचं नाव हवेत जाणार असतं.

फोन-इन. तू मुलगी आहेस म्हणून हे स्पष्ट सांगते. शंभरात दोन-चार फोन असे येतात की ज्यांना गाणंबिणं काही नको असतं. "तुमचा आवाज फार गोड आहे, तुम्ही कुठं राहता?" इथून सुरू होतं. स्वतःचा नंबर कधीही कुणाला देऊ नकोस, 'कायमचे श्रोते' असले तरी. हवेत गावाचं नाव सांगू नकोस. रात्रीची सभा संपल्यावर घरी सोडायची सोय आहे का, हे पहिल्याच दिवशी विचार. लाजू नकोस, त्यावरूनच त्या जागेची परीक्षा होते. एका ठिकाणी मला उत्तर मिळालं होतं, "बाकीच्या बायका येतात की." त्या बाकीच्या बायका म्हणजे एकच होती आणि तिचा भाऊ रोज मोटारसायकल घेऊन फाटकाशी उभा असायचा.

बातम्या सांगायच्या असतील तर हे क्षेत्रच नव्हे. खासगी आणि सामुदायिक, दोन्ही रेडिओंना स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. हवामान, परीक्षा, प्रवेश, नोकरीच्या जागा, खेळ, यात्रा-जत्रा, आणि स्थानिक प्रशासनानं दिलेल्या वीज-पाणी-आपत्ती-आरोग्याच्या सूचना चालतात. हे कागदावर सोपं वाटतं. आमच्या भागात एकदा वाघ फिरत होता. गावात सगळ्यांना माहीत, माझ्या भाचीनं पाऊलखुणेचा फोटोही पाठवलेला. दुपारी वेचणीला बायका निघणार. मी बोलू का नको? बोलले आणि वाघ तिथं नसला तर अफवा, भीतीनं मजूर येणार नाहीत, शेतकरी केंद्रावर येईल. न बोलले आणि काही झालं तर? आमच्या केंद्रप्रमुखांनी वनविभागाच्या कार्यालयात माणूस पाठवला, तो तासाभरात सही-शिक्क्याचं सूचनापत्र घेऊन आला, आणि मग मी ते शब्दशः वाचलं: एकट्यानं जाऊ नका, वाकून काम करताना पाळीपाळीनं एकानं उभं राहून लक्ष ठेवा. तो तासभर मी गाणी लावत होते. कोणती लावली, एकही आठवत नाही. आणि हो, जे काही बोलशील त्याचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावं लागतं. 'मी असं म्हटलंच नव्हतं' ही सोय या धंद्यात नाही.

एवढं सगळं असूनही मी अजून इथं का, हे तू विचारलं नाहीस, तरी एक सांगते. सामुदायिक रेडिओवर आल्यावर कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, एका आजीची मुलाखत घ्यायला गेले. तिला मराठी येत होतं, पण बोलायची ती कोलामीत, नातू मराठीत सांगायचा. मी विचारलं, पूर्वी पाऊस येणार हे कसं कळायचं? आजी बराच वेळ काही बोललीच नाही. रेकॉर्डर चालू. दूर कोंबडी ओरडली. नातवाला वाटलं तिला ऐकू आलं नाही, तो पुन्हा विचारायला लागला, मी हातानं थांबवलं. मग ती बोलायला लागली आणि चौदा मिनिटं थांबली नाही: मुंग्यांची अंडी, पळसाची फुलं, एका पाखराचं नाव ज्याला मराठीत काय म्हणतात ते नातवालाही येईना. संपादन करताना आमचा मुलगा सुरुवातीची शांतता कापायला निघाला होता. मी अकरा सेकंद ठेवले. मघाशी शांततेबद्दल काय म्हटलं ते आठवतंय मला. ही शांतता वेगळी होती, हिच्यात कोंबडी होती. कार्यक्रम लागला तेव्हा पोडावरून फोन आला नाही, कारण तिथं रेंज नसते. आठ दिवसांनी नातू बाजाराला आला तेव्हा केंद्रावर डोकावला आणि विचारलं, पुन्हा कधी लागणार? आजीला स्वतःचा आवाज ऐकून तो तिच्या आईसारखा वाटला होता.

आता तू काय करायचं ते. आकाशवाणीच्या नैमित्तिक उद्घोषकांच्या जाहिरातीवर नजर ठेव. तुझ्याजवळचं केंद्र यवतमाळ, नंतर अकोला, नागपूर. नागपूर केंद्र १९४८ चं, तिथल्या जुन्या लोकांशी बोलायला मिळालं तर सोडू नकोस. आधी लेखी असते, मग आवाजाची चाचणी, मग निवड झाली तर 'वाणी' नावाचं प्रशिक्षण. चाचणीत मराठीबरोबर हिंदी उतारा येतो, परदेशी नावं येतात, न पाहिलेला कागद येतो. न पाहिलेला कागद वाचायचा सराव तुला सेतूत रोज करता येईल. येणाऱ्या प्रत्येक अर्जाचा मजकूर समोरच्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखव, आणि त्याला कळला का ते त्याच्या तोंडाकडं बघून ओळख. फुकटची तालीम आहे, शिवाय लोक दुवा देतील.

घरी मोबाईलवर स्वतःचं वाचन रेकॉर्ड कर. ऐकताना खोलीत बसून ऐकू नकोस. मोबाईल स्वयंपाकघरात ठेव, आई पोळ्या लाटत असू दे, मिक्सर लागू दे. आईला विचार, किती तारखेची मुदत सांगितली? तिला सांगता आलं तर वाचन चांगलं झालं.

चाचणीच्या दिवशी बांगड्या काढून ठेव, खडखडतात. माईकपासून वीतभर अंतर, आणि तोंड अगदी समोर नको, जरासं तिरपं. नाहीतर 'प', 'फ', 'भ' आले की हवेचा धक्का माईकवर आदळतो आणि ऐकणाऱ्याला कुणीतरी पोतं आपटल्यासारखं वाटतं. दोन-तीन पानांचा मजकूर असेल तर टाचणी बसल्याबसल्या काढून टाक. पान उलटायचं नाही, अलगद बाजूला सरकवायचं, आणि सरकवण्याआधी त्याची शेवटची ओळ डोळ्यांनी पूर्ण उचलून घ्यायची.